वाचकांचे प्रश्न : क्षय कुणाच्या उंबऱ्यातून आत येतो?

गेल्या अंकात क्षयरोगाच्या लक्षणांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत गोळ्यांबद्दल फार थोडं विचारलेलं आहे. बहुतेकांनी विचारलंय ते घराबद्दल, कामाबद्दल, शेजाऱ्यांबद्दल. मला हे फार मोलाचं वाटलं. आधी मराठवाड्यातल्या जिल्हा क्षयरोग केंद्रात आणि नंतर मुंबईच्या पूर्व उपनगरांत छातीचे रुग्ण तपासताना मी स्टेथोस्कोप लावायच्या आधी तीन गोष्टी विचारत आले : राहता कुठे, काम काय करता, आणि एका खोलीत झोपता किती जण. जंतू सगळ्यांना सारखाच, पण तो कुणाच्या घरात ठाण मांडतो हे या तीन उत्तरांवर ठरतं. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

मॅडम, आम्ही आधी रेल्वेलाइनच्या कडेला झोपडीत राहायचो. पुनर्वसनात दुसऱ्या मजल्यावर पक्की खोली मिळाली तेव्हा आईनं देवापुढं नारळ फोडला. आता आमच्या मजल्यावर एकामागून एक टीबीचे पेशंट निघतायत, त्यात माझा धाकटा भाऊपण आहे. आमच्याकडे भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. वरच्या मजल्यांवर एवढा त्रास नाही. लोक म्हणतात, ही जागाच वाईट. खरंच जागेमुळे टीबी होतो का?
— एक वाचक, मानखुर्द

दादा, टीबी होतो जंतूमुळे, पण तो पसरतो जागेमुळे. तुमच्या लोकांनी जे पाहिलंय ते बरोबर पाहिलंय. फक्त त्यात नशिबाचा भाग नाही.

फुप्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकतो, मोठ्यानं बोलतो, तेव्हा तोंडातून बारीक थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात. लहान थेंबांतलं पाणी सुकून जातं आणि उरलेला, डोळ्यांना न दिसणारा कण हवेत तरंगत राहतो. बंद, अंधाऱ्या खोलीत तो तासन्‌तास तसाच राहू शकतो. मोकळ्यावर वारा त्याला विरळ करतो, आणि उन्हातले अतिनील किरण जंतूला मारतात. म्हणजे ज्या खोलीत वारा नाही आणि ऊन नाही, तिथे एकाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत जाणारच.

तुमच्याच भागात याचा अभ्यास झाला आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली. तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की मधलं अंतर जेमतेम ३ मीटर. खालच्या मजल्यांवर उजेड नाही, हवा खेळत नाही. तिथे क्षयाचं प्रमाण पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि खालच्या मजल्यांवर ते अधिक होतं. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता.

मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी इमारतींमधल्या मोकळ्या जागेचे नियम सैल करण्यात आले. कमी जमिनीवर जास्त खोल्या बसवायच्या होत्या. हे नकाशे कुणीतरी काढले, कुणीतरी त्यांवर सही केली. ज्यांना तिथे राहायला जायचं होतं, ते आधीच अर्धपोटी आणि दिवसभर राबून थकलेले. मानखुर्द ज्यात येतं तो महापालिकेचा एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात अगदी तळाला होता. ज्या शरीरांत रोगाशी झुंजायचं बळ सगळ्यांत कमी, त्यांनाच सगळ्यांत कोंदट खोल्या मिळाल्या.

आता तुम्ही काय करायचं. भावाचं अंथरूण खिडकीखाली लावा. पहिले काही आठवडे घरात त्याने मास्क लावावा. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवता आला तर बसवा. एक्झॉस्ट फॅनचा खर्च शेजाऱ्यांनी मिळून केला तर पॅसेजलाही लागेल. पॅसेजच्या जाळ्यांना कुणी पत्रे, फ्लेक्स बांधले असतील तर ते सोडवायला सांगा. खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. रोग नसला तरी त्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळू शकतात, त्या सरकारी केंद्रात मोफत असतात. आणि एकट्याने नको, पूर्ण मजल्याने मिळून विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे एक्स-रेच्या गाडीसह शिबिराची मागणी करा. अर्जात मजला, खोल्या आणि रुग्णांची संख्या लिहा. ‘जागा वाईट आहे’ हे वाक्य कट्ट्यावर हवेत विरून जातं. ‘या मजल्यावर इतक्या खोल्यांत इतके रुग्ण’ असं लिहून दिलं की त्याची नोंद करावी लागते.

डॉक्टरबाई, मी आशा आहे. आमच्या वाडीतल्या एका बाईला ऑगस्टमध्ये टीबी निघाला. गोळ्या नीट घेतीय. पण दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला जाणार. मुकादमाची उचल घेऊन झालीय. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई मागं राहिली तर अर्धा कोयता होतो, आणि अर्ध्या कोयत्याची उचल कशी फिटणार? मागं एक माणूस असाच गेला आणि गोळ्या सोडून आला. मी काय करू? लहान पोरगंपण संगं नेणार हाय.
— एक आशाताई, बीड जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. ‘तिला जाऊ देऊ नका’ असं तुम्हाला शहरातला एखादा डॉक्टर सांगेल. तुम्हाला आणि मलाही ठाऊक आहे की ती जाणार. मग ती गोळ्यांसह जावी, एवढंच आपल्या हातात आहे आणि ते पुष्कळ आहे.

हिशोब मांडू. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार ६ महिन्यांचा. पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. ऑगस्टमध्ये सुरुवात झाली म्हणजे दसऱ्यापर्यंत पहिला कठीण टप्पा संपत आलेला असेल. तिचा संसर्गही ओसरलेला असेल, कारण नियमित औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत तो झपाट्याने कमी होतो. धोका पुढच्या टप्प्यात आहे. खोकला थांबलेला असतो, अंगात थोडी ताकद आलेली असते, आणि पहाटे चारला फडावर जायचं असतं. गोळी तिथेच सुटते. अर्धवट मारलेले जंतू पुढे त्या गोळ्यांना जुमानत नाहीत, आणि मग जो क्षय पसरतो तो बरा करायला फार अवघड.

जायच्या आधी तालुक्याच्या टीबी युनिटमधल्या उपचार पर्यवेक्षकांना भेटा. आपण सगळे त्यांना एसटीएस म्हणतो. मुकादमाला विचारून कारखान्याचं नाव आणि तालुका लिहून घ्या. रुग्णाचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारच्या क्षयरुग्ण नोंदणीतला क्रमांक, देशभर चालतो. टोळी सांगलीला गेली काय किंवा बेळगावला गेली काय, तिथल्या युनिटकडे तिची नोंद वर्ग करता येते. पण कागदावर वर्ग करून भागत नाही. इथल्या एसटीएसने तिथल्या एसटीएसला फोन केला पाहिजे, आणि तो फोन तुमच्या देखत व्हावा असा आग्रह धरा. क्रमांक तिच्या कार्डावर असतोच, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा आणि मुकादमाचा नंबर कार्डाच्या मागे लिहा. निदान एका महिन्याच्या गोळ्या सोबत मागा. वाटेत आठ-दहा दिवस गेले तरी खंड पडू नये म्हणून जरा जास्तच.

तिथलं दुखणं तुम्ही जाणताच. दवाखान्याची ओपीडी सकाळची, आणि त्या वेळी बाई फडात मोळ्या बांधत असते. दवाखान्यात जायचं तर खाडा होतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून टोळीतल्याच एखाद्या जाणत्या बाईला तिला रोज गोळी द्यायचं काम सांगा. कार्यक्रमात अशा व्यक्तीला ‘उपचार सहायक’ म्हणतात, ती सरकारी नोकर असायची गरज नाही. कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, संध्याकाळी भाकरी थापायच्या वेळी गोळी घेतली तरी चालेल, पण रोज एकाच वेळी घेतली की विसरली जात नाही. लघवी नारिंगी-लालसर होते, ते एका औषधामुळे. फडावर ते पाहून बाया घाबरतात आणि गोळी टाकून देतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र गोळ्या थांबवून लगेच दवाखाना.

मुलाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. पाच वर्षांच्या आतलं असेल तर त्याला आधी तपासून, रोग नसल्याची खात्री करून प्रतिबंधक औषध मिळालंच पाहिजे. एवढ्या लहान मुलांत क्षय फार लवकर उलटतो, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अंगावर पीत असेल तर दूध तोडू नका.

आणखी एक. निक्षय पोषण योजनेचे दरमहा ५०० रुपये असत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ते बँकेत जमा होतात. खातं तिचं आहे का, चालू आहे का, आधार जोडलेलं आहे का, हे ती गावात असतानाच बघा. कारखान्याच्या तळावरून हे काही तिला करता येणार नाही.

ताई, या लाखो माणसांच्या स्थलांतराबद्दल बोलताना ‘मजूर रोग घेऊन फिरतात’ असं सर्रास म्हटलं जातं. माणूस दोनशे कोस चालला म्हणून रोग पसरत नाही. तो दोनशे कोस चालत असताना त्याचा दवाखाना गावातच बसून राहतो, म्हणून पसरतो. कारखान्यांनी हंगामापुरती संध्याकाळची ओपीडी तळावर चालवली तर हा प्रश्न निम्मा सुटेल, असं माझं ठाम मत आहे. कोणता कारखाना, किती टोळ्या, कधी येणार, हे सगळं गाळपाच्या नियोजनात महिनोन्‌महिने आधी ठरलेलं असतं.

आमच्या सोसायटीत चार घरी काम करणाऱ्या बाईंना टीबी असल्याचं कळलं. कमिटीने त्यांना गेटवर थांबवलं. आता सर्व कामवाल्या, ड्रायव्हर, वॉचमन यांच्याकडून तपासणीचा दाखला मागावा असा ठराव येतो आहे. आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक व लहान मुलं बरीच आहेत. सेक्रेटरी म्हणून मी काय भूमिका घ्यावी?
— एक वाचक, पुणे

ठरावाला विरोध करा. काळजी रास्त आहे, उपाय उलटा आहे.

तुम्ही ज्या बाईंना गेटवर थांबवलंत, त्यांचं निदान झालं, उपचार सुरू झाले. थोड्याच दिवसांत त्या कुणाला संसर्ग देणार नाहीत. ज्याची भीती बाळगायची तो माणूस वेगळाच : महिनाभर खोकतोय, पण काम जाईल म्हणून तपासायला जात नाही. तुमचा ठराव असे खोकणारे वाढवणार. दाखला मागितला की आजारी माणूस बरा होत नाही, गप्प होतो. आणि दाखला फक्त नोकरांकडून का? त्याच लिफ्टमधून तुमचे रहिवासीही जातात-येतात. मधुमेह असलेल्या माणसाला क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, आणि मधुमेह तुमच्या घराघरांत असेल.

पुण्या-मुंबईने हे एकदा भोगलंय. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला आणि घरोघरी झडत्या सुरू झाल्या. रुग्ण, संशयित, त्यांची माणसं ओढून नेली जाऊ लागली. लोकांनी आजारी माणसं लपवली, हजारोंनी शहर सोडलं, आणि त्यांच्याबरोबर प्लेग गावोगाव गेला. पुण्यात रँडच्या कारभाराविरुद्धचा राग तुम्हाला शाळेत शिकवलेला आहे. सक्तीने रोग धरायला गेलं की रोग आधी दडतो आणि मग पसरतो.

क्षयाबद्दल तर भक्कम पुरावा आहे, आणि तो आपल्या देशातला. १९५० च्या दशकात मद्रासच्या क्षयरोग केंद्रात रुग्णांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, चांगलं खायला दिलं, विश्रांती दिली. दुसऱ्याला त्याच औषधांवर घरीच ठेवलं, दाटीवाटीच्या गरीब वस्तीत. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. औषधं नियमित घेतली तर घरी राहूनही जवळजवळ तितकेच रुग्ण बरे झाले, आणि घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. जगभरची सॅनेटोरियमं बंद होण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. उपचार सुरू असलेल्या रुग्णाला दूर ठेवायची गरज नाही हे आपल्याला साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

तर ठराव असा मांडा : बाईंना पहिल्या दोन-तीन आठवड्यांची भरपगारी रजा, चारही घरांनी वाटून. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या पुन्हा कामावर. सोसायटीत कुणालाही, मालक असो वा नोकर, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणीसाठी सुट्टी, पगार न कापता. त्यांच्या आजाराची बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर असेल तर ती काढून टाका आणि त्यांची माफी मागा. २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद आरोग्य खात्याला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती नोंद खात्यासाठी आहे, सोसायटीच्या नोटीस बोर्डासाठी नाही.

केंद्राच्या सर्वेक्षणात केरळात टीबी कमी आणि दिल्लीत जास्त दिसतो. हा हवामानाचा परिणाम का? आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटाचं मत असं, की मोठ्या शहरांत बाहेरून येणारे लोकच हा रोग आणतात.
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

सर, तुम्ही म्हणता ते सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळातलं. पंधरा वर्षांवरील दर लाख माणसांत फुप्फुसाचा क्षय देशात ३१६ जणांना आढळला, दिल्लीत ५३४, केरळात ११५. हवामानाने एवढा फरक पडत नाही. केरळची हवा दमट, लोकसंख्या दाट, आणि मधुमेह तर देशात गोव्यापाठोपाठच्या वरच्या राज्यांत. तरीही क्षय कमी. कारण माणसं पोटभर जेवतात, बायका शिकलेल्या आहेत, घरं एकमेकांवर चढलेली नाहीत, आणि खोकला आला तर जाण्यासारखा सरकारी दवाखाना जवळ आहे.

इंग्लंडातही क्षयाचे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उतरत गेले, आणि क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. औषध नसतानाही रोग मागे हटला होता, तो मुख्यत्वे मजुराच्या ताटात आणि घरात झालेल्या बदलांमुळे, असंच मी मानते.

राज्याचा एक आकडा मात्र फार काही झाकून टाकतो. मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात सहरिया आदिवासींची तपासणी झाली तेव्हा दर लाखामागे दीड हजारांवर रुग्ण सापडले. एकाच राज्यात शेजारच्या शहरात एक परिस्थिती आणि त्या पाड्यांवर दुसरी. तुमच्या विदर्भातही जिल्ह्याचा नकाशा बघू नका, पाड्यांचा आणि वस्त्यांचा बघा. आणि सरकारी नोंदींचे आकडे वाचताना सावध राहा. ज्या जिल्ह्यात शोध चांगला, तिथे रुग्ण जास्त दिसतात. ज्या जिल्ह्याचा नकाशा स्वच्छ दिसतो, तिथे कदाचित कुणी बघायलाच गेलेलं नसतं. त्याच सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. ही माणसं कुठल्याही नोंदीत नाहीत.

आता बाहेरून येणाऱ्यांबद्दल. आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या शरीरात हा जंतू निद्रिस्त असतो, तुमच्या आणि माझ्याही असेल. जंतू शिरलेल्या शंभरांतल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. गावाकडून धडधाकट आलेला पोरगा दहा जणांच्या खोलीत पाळीने झोपतो, एक वेळ वडापावावर काढतो, धूळ-सिमेंटात राबतो, आणि वर्ष-दोन वर्षांत खोकायला लागतो. मग आजारी होऊन गावी परततो. असे रुग्ण मी इतके पाहिले आहेत की तुमच्या गटाचं म्हणणं मला मान्य करता येत नाही. पुष्कळदा शहर त्याला रोग देतं.

थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, तरी दीड महिना खोकला आहे, वजनही उतरलंय. आता काय?
— एक वाचक, फोंडा, गोवा

पुन्हा तपासा, आणि छातीचा एक्स-रे काढा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला थुंकीत हजारोंनी जंतू असावे लागतात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या चाचण्या त्याहून कितीतरी कमी जंतू पकडतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतात. ट्रूनॅटचं यंत्र तुमच्या गोव्यातच, वेर्ण्याला बनतं. ते बॅटरीवर चालतं, म्हणून वीज जात-येत असते अशा आरोग्य केंद्रातही वापरता येतं. मघाच्या सर्वेक्षणात एक्स-रे काढला नसता तर ४० टक्क्यांहून जास्त रुग्ण निसटले असते. आणि साखर तपासा, गोव्यात ती तपासल्याशिवाय क्षयाचा विचार पुरा होत नाही. थुंकीऐवजी नुसती लाळ दिली जाते असंही होतं. सकाळी उठल्याबरोबर, खोलवरून खोकून काढलेला बेडका द्या.

लग्नाला आठ महिने झाले. मानेला गाठ आली, डॉक्टरांनी गाठीचा टीबी सांगितला. सासूबाई म्हणतात माहेरी जाऊन बरी होऊन ये, बाहेर कुणाला सांगू नको. माझं ताट-पेला वेगळा केलाय. माझ्यामुळे घरच्यांना होईल का?
— एक वाचक, लातूर

बाळ, तुझ्यामुळे कुणालाही काही होणार नाही. मानेच्या गाठीचा क्षय खोकल्यातून पसरत नाही. फुप्फुसात काही नाही याची एक्स-रेने खात्री झाली की विषय संपला. ताट-पेल्यातून तर फुप्फुसाचा क्षयसुद्धा पसरत नाही. हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखव. त्या तुझ्या वाईटावर नसतील, त्यांच्या लहानपणी या रोगाने घरं बसलेली त्यांनी पाहिली असतील.

माहेरी जायचं की नाही हे तू ठरव, पण उपचार जिथे सुरू केलास ते केंद्र सांगून जा. पुढच्या पुनर्तपासणीला नवऱ्याला बरोबर ने. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर डॉक्टरांना सांग, रिफाम्पिसिनमुळे त्यांचा भरवसा राहत नाही, दुसरा उपाय लागेल. उपचार पुरे झाल्यावर मूल होऊ द्यायला काही अडचण नसते. घरात बोलायला कुणी नसेल तेव्हा १८००-११-६६६६ हा निक्षयचा मोफत क्रमांक आहे, तिथे नाव न सांगताही विचारता येतं. आणि आपल्याकडे मुलाला क्षय झाला तर त्याला दूध-अंडी मिळतात, सुनेला झाला तर तिला माहेरची वाट दाखवतात, हे मी आयुष्यभर पाहत आले. तू पोटभर जेव. लाजू नकोस.

आमच्या गणेश मंडळानं यंदा डेकोरेशनचा खर्च कमी करून ‘निक्षय मित्र’ व्हायचं, म्हणजे टीबीच्या पेशंटांना शिधा पुरवायचं, ठरवलंय. वीस पेशंट घेणार आहोत. किटमध्ये काय द्यावं? विसर्जनाआधी पाहुण्यांच्या हस्ते वाटप करायचा विचार आहे.
— मंडळाचे एक कार्यकर्ते, इचलकरंजी

पोरांनो, यंत्रमागाच्या गावातून हे पत्र आलं याचा फार आनंद झाला.

अन्नाने काय होतं ते झारखंडात मोजून पाहिलं गेलं आहे. चार जिल्ह्यांतल्या २,८०० रुग्णांना दरमहा साधारण १० किलो शिधा दिला. त्यांतले पाचातले चार कुपोषित होते. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. घरच्यांना शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे डाळ-तांदूळ शेजारच्या अंथरुणावरच्या माणसालाही वाचवतात.

म्हणून वीसऐवजी दहा रुग्ण घ्या, पण पूर्ण घराचा शिधा द्या, आणि एकदाच नव्हे, सहा महिने. झारखंडात तांदूळ, सातूचं पीठ, दूध पावडर आणि तेल दिलं होतं. आपल्याकडे ज्वारी किंवा तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, मटकी, फुटाण्याचं डाळं, दूध पावडर, तेल. खाणाऱ्यांना दर आठवड्याला अंडी. बाजारात मिळणारी प्रोटीन पावडरची डबी घेऊ नका, तेवढ्या पैशांत शेंगदाणे महिनाभर पुरतात.

वाटप स्टेजवर नको. फोटो नको, पाहुण्यांच्या हस्ते नको. मागावर काम करणाऱ्या माणसाचा फोटो फ्लेक्सवर गेला की खोलीमालक खोली सोडायला सांगतो. तालुक्याच्या टीबी युनिटला भेटा, रुग्णाची संमती घेऊनच ते नाव देतात. शिधा साध्या पिशवीत, आशाताईंबरोबर, अंधार पडल्यावर घरी पोहोचवा. सोबत एक वजनकाटा असू द्या. दर महिन्याला वजन करा, ते कार्डावर लिहा, आणि दोन महिन्यांनी ज्याचं वजन वाढलेलं नाही त्याचं नाव त्याच दिवशी युनिटच्या डॉक्टरांना कळवा.